लकव्याचा रकाना

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर बांधलेल्या इटियाडोह धरणाच्या आसपासच्या गावांत घरोघर जाऊन रक्तदाब मोजण्याचे आणि दीर्घ आजारांच्या नोंदी ठेवण्याचे काम ज्या आरोग्य कार्यकर्त्यांनी केले आहे, त्यांच्या अनुभवाच्या मुळाशी एक विसंगती आढळते : जो आजार या गावांत लहानथोरांना नावाने ठाऊक आहे आणि ज्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे घर विचारताच दाखवले जाते, त्याच आजाराला त्यांच्या हातातल्या कागदांवर स्वतःची जागा नाही. गावात त्याला लकवा म्हणतात, ग्रांथिक मराठीत पक्षाघात किंवा अर्धांगवायू, तर दवाखान्यात स्ट्रोक. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली, किंवा धमनीच फुटून मेंदूत रक्त साकळले, की मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो आणि शरीराची एक बाजू लुळी पडणे, तोंड वाकडे होणे, वाचा जाणे ही लक्षणे काही मिनिटांत दिसू लागतात. यांपैकी पहिला प्रकार अधिक प्रमाणात आढळतो. परंतु गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून पाहून सांगता येत नाही, त्यासाठी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो, आणि इटियाडोहच्या दृष्टीने सगळी अडचण या एका वाक्यात सामावलेली आहे.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग होतो हे अमेरिकेतील एका चाचणीने १९९५ साली सिद्ध केले. ते लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यावे लागे; २००८ मध्ये युरोपातील चाचणीनंतर ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला तेच औषध दिले तर ते जीवावर बेतते, म्हणून आधी स्कॅन आणि मग औषध हा क्रम टाळता येत नाही. गोंदिया शहर जिल्ह्याच्या उत्तरेला आहे आणि इटियाडोह दक्षिणेला, म्हणजे रुग्ण आणि जिल्ह्याचे मोठे रुग्णालय ही जवळजवळ दोन टोके झाली. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते, २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरीही पहाटे शौचाला गेलेला माणूस पडला, घरच्यांनी त्याला उचलून आणले, कुणी लसूण चोळली, कुणी कबुतराचे रक्त लावण्याचा सल्ला दिला, कुणी लकव्यावर औषध देणाऱ्या गावाचे नाव सांगितले, यात साडेचार तास सहज निघून जातात. कार्यकर्त्यांनी या उपायांची हेटाळणी केली तर पुढच्या वेळी घरचे त्यांना काहीच सांगत नाहीत, ही गोष्ट प्रत्येक जण पहिल्या दोन-तीन वर्षांत ठेच लागूनच शिकतो.

कागदांची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा कार्यकर्ती एक पडताळणी अर्ज भरते. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून गावोगाव त्याला सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक श्रम अशा प्रश्नांना गुण असतात आणि बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचे असते. अर्जातला एक प्रश्न कुटुंबाच्या पूर्वेतिहासाचा आहे : आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का? लकव्याचा उल्लेख तेथे नाही. बापाचा रक्तदाब कधी कुणी मोजलेलाच नसतो, तेव्हा मुलगा या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. आणि अर्ज भरून झाल्यावर, चहा पिताना, बाप लकव्याने दोन वर्षे खाटेवर होता हे सहज सांगून जातो. त्याच अर्जाच्या पुढच्या भागात हाताच्या बोटांनी वस्तू धरता येते का, पायांतील अशक्तपणामुळे चालायला त्रास होतो का, पापणी पूर्ण मिटते का, असे प्रश्न येतात, तेव्हा नव्या कार्यकर्तीला वाटते की हेच ते लकव्याचे प्रश्न. ते कुष्ठरोगाचे असतात. लकव्याने हात गेलेल्या माणसाने तेथे ‘होय’ म्हटले तर त्याची वाट कुष्ठरोगाच्या तपासणीकडे जाते.

कुष्ठरोगाला इतके प्रश्न मिळाले याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. विदर्भाने तरी ती करू नये. वरोड्याच्या आनंदवनापासून दत्तपूरच्या कुष्ठधामापर्यंत या भूमीत त्या आजारासाठी माणसांनी आयुष्ये घातली, त्याला संस्था मिळाल्या, राष्ट्रीय कार्यक्रम मिळाला, आणि म्हणून अर्जात रकाना मिळाला. रकाना हा सगळ्यात शेवटी येतो, त्याच्या आधी पुष्कळ काही घडावे लागते, एवढेच यावरून लक्षात घ्यायचे.

मृत्यूच्या नोंदीत ही उणीव अधिक ठळक होते. घरी मरण पावलेल्या वृद्धाच्या मृत्यूचे कारण म्हणून ‘म्हातारपण’ किंवा ‘आजारी होता’ असे लिहिलेले कार्यकर्त्यांनी वारंवार पाहिले आहे. अशा ठिकाणी मृत्यूचे कारण शोधण्यासाठी एक मान्य पद्धत आहे. प्रशिक्षित कार्यकर्ता काही आठवड्यांनी घरी जातो, मृताच्या शेवटच्या आजारात जवळ असलेल्या माणसाला ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारतो, आणि त्या उत्तरांवरून डॉक्टर कारण ठरवतात. तिला व्हर्बल ऑटॉप्सी, म्हणजे बोलण्यातून केलेली शवचिकित्सा म्हणतात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने नेमके हेच केले. मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतील ९४,१५४ लोकसंख्येत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत झालेल्या १,५९९ मृत्यूंची कारणे तपासली. त्यांतील २२९, म्हणजे शंभरात चौदाहून अधिक मृत्यू पक्षाघाताचे निघाले आणि तेच मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. हिवताप, क्षय आणि बाळंतपण यांच्या भाषेतच ज्या जिल्ह्याबद्दल बोलण्याची सवय सर्वांना झाली होती, तेथे हा निष्कर्ष निघाला. २०१५ मध्ये तो ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पक्षाघाताच्या या मृत्यूंपैकी ८७.३ टक्के घरी झाले होते. त्यामुळे रुग्णालयांच्या आकडेवारीवर विसंबून राहिले असते तर त्यांतील फारच थोडे दिसले असते.

इटियाडोहचे पाणी कालव्यांतून गडचिरोली जिल्ह्यातील वडसा-आरमोरीकडच्या धानाच्या बांध्यांपर्यंत जाते, पण तिकडे मिळालेले हे ज्ञान उलट दिशेने, जिल्ह्याची हद्द ओलांडून, या बाजूला यायला कोणताही पाट नाही. माती तीच, धान तेच, रोवणीचे दिवस तेच, बोली जवळजवळ तीच, आणि सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेला खर्राही तोच. तरीही धरणाच्या काठच्या गावांत लकव्याने किती माणसे मरतात या प्रश्नाला शेजारच्या जिल्ह्याच्या आकड्यावरून केलेला अंदाज एवढेच उत्तर कार्यकर्त्यापाशी असते. मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल यांच्या पुढाकाराने २००५ आणि २००६ या दोन वर्षांत वस्तीवार नोंद झाली होती आणि पंचवीस वर्षांवरील लाख लोकांमागे वर्षाला १४५ नवे रुग्ण असा आकडा तिच्यातून मिळाला होता. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या यंत्रणेने लोकसंख्येवर आधारित पक्षाघात नोंदणी सुरू केली ती कटक, तिरुनेलवेली, वाराणसी, कछार आणि कोटा येथे. त्या पाच नावांत महाराष्ट्रातील एकही नाव नाही.

येथून प्रश्न पैशाकडे वळतो, आणि पैशाचा प्रश्न कायद्याकडे. भारतात एखाद्या विशिष्ट आजाराच्या संशोधनासाठी निधी बांधून देणारा कायदा करण्याची परंपराच नाही. अमेरिकेने १९७१ साली राष्ट्रीय कर्करोग कायदा करून कर्करोगाच्या संशोधनाला स्वतंत्र बळ दिले. त्याच देशात पक्षाघाताच्या उपचार व प्रतिबंधासाठीचे विधेयक २००१ मध्ये मांडले गेले, पुढच्या वर्षी सिनेटने ते संमतही केले, पण त्याचा कायदा झाला नाही. भारतात वैद्यकीय संशोधनाचा पैसा दरवर्षीच्या विनियोजन कायद्यातून, म्हणजे संसदेने सरकारला संचित निधीतून खर्च करण्याची परवानगी देणाऱ्या कायद्यातून येतो. आरोग्य मंत्रालयाच्या त्यात दोन मागण्या असतात. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात आरोग्य व कुटुंबकल्याण विभागासाठी ८६,१७५ कोटी रुपये होते, आणि २००७ साली स्वतंत्र झालेल्या आरोग्य संशोधन विभागासाठी २,९८० कोटी, म्हणजे दोन्ही मिळून शंभर रुपये धरले तर सव्वातीन-साडेतीन रुपये. त्या रुपयांचे पुढचे वाटप आजारवार कसे व्हावे हे कोणताही कायदा सांगत नाही. ते संस्थांच्या रचनेतून आपोआप ठरत जाते. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची क्षयरोगासाठी चेन्नईत, कुष्ठरोगासाठी आग्र्यात, हिवतापासाठी दिल्लीत, विषाणूंसाठी पुण्यात अशा संस्था आहेत. पक्षाघाताच्या नावाची संस्था नाही. बंगळुरूची निम्हान्स आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांच्यासाठी संसदेने कायदे केले आणि तेथे पक्षाघातावर मोलाचे काम होते, हे खरे. परंतु तो त्यांच्या अनेक कामांपैकी एक भाग आहे.

२०२३ च्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायद्याने हे चित्र बदलेल असे काहींना वाटले होते. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांच्या संशोधनाचा अंदाज त्याच्याबरोबर जाहीर झाला आणि आरोग्य हा विषय त्याच्या कक्षेत नावानिशी आला. पण त्या रकमेचा सुमारे सत्तर टक्के भाग सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यावा अशी अपेक्षा होती. उद्योगाला औषधात, यंत्रात, पेटंटमध्ये रस असणार, त्यात गैर काही नाही. रक्तदाबाची रोजची एक स्वस्त गोळी माणूस तीन महिन्यांनी का सोडतो या प्रश्नात त्याला कोणता नफा दिसावा? आणि इटियाडोहचा खरा प्रश्न तर हाच आहे. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण असून गोंदिया ज्यातून १९९९ साली वेगळा झाला तो भंडारा जिल्हा २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात होता. तेथे एकच ठरलेली औषधयोजना, महिनाभराच्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाचे कार्ड यांवर भर दिला गेला.

धरणाच्या काठच्या एका ढिवर कुटुंबात हे सारे एकाच पडवीत पाहता येई. आढ्याला बांधलेला दोर, त्याला डाव्या हाताने धरून उभा राहू पाहणारा पन्नाशीतला माणूस, उजवा हात छातीशी आखडलेला, खुंटीला अर्धवट विणलेले जाळे. जाळ्याची गाठ मारायला दोन्ही हातांची बोटे लागतात, म्हणून ते तसेच राहिलेले. गोळ्यांची पन्नी कोनाड्यात, तिच्यातल्या दहांपैकी चारच संपलेल्या. “ताई, बीपी बरा झाला ना, म्हणून बंद केली,” असे त्याची पत्नी सांगे, आणि त्या वाक्यात तिची चूक कोणती हे शोधू गेलेल्या कार्यकर्तीला दिसे की मागच्या भेटीत आकडा उतरल्यावर ‘आता बरा आहे’ हे शब्द आपणच उच्चारले होते. हे शब्द बदलून काय म्हणावे, इथल्या झाडीबोलीत ‘नियंत्रणात आहे पण बरे नाही’ हे कसे सांगावे, हा संशोधनाचा विषय आहे यावर दिल्लीतल्या एखाद्या छाननी समितीचा विश्वास बसणे कठीणच. गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत, जी १९७२ पासून येथे आहे, हीच गोष्ट मिठाच्या लोणीचहाबाबत आणखी एका भाषेत सांगावी लागते.

त्या पडवीतल्या दोराला मात्र एक मोठी चाचणी चिकटलेली आहे. लकव्यानंतर व्यायामोपचारतज्ज्ञ घरी येणे खेड्यात अशक्यप्राय, तेव्हा नातेवाइकांनाच व्यायाम शिकवावा, हा विचार कार्यकर्त्यांना इतका स्वाभाविक वाटे की त्यांनी तो कधी तपासला नाही. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर तो ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत तपासला गेला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला की कुटुंबीयांना असे प्रशिक्षण दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांत सहा महिन्यांनंतर फरक आढळला नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे बायकांना नवऱ्याचा हात कोणत्या कोनातून वळवायचा हे दाखवले, त्यांना हे वाचून जो धक्का बसतो तो शब्दांत सांगण्यासारखा नाही. पण संशोधन हे अशाच वेळी उपयोगी असते, कारण चांगली वाटणारी गोष्ट उपयोगी नाही हे दुसरे कोणी सांगत नाही. आता प्रश्न असा की ही चाचणी प्रामुख्याने रुग्णालयात पोहोचलेल्यांवर झाली. जे घरीच राहिले त्यांचे काय? त्यांच्यासाठी वेगळी चाचणी हवी. भारतीय रुग्णांवरील या चाचणीचा खर्च ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केला होता, आणि गडचिरोलीतील कालकोंडे यांना ज्या इंडिया अलायन्सची अधिछात्रवृत्ती होती, तीत भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर लंडनच्या वेलकम ट्रस्टचा वाटा होता. परदेशी पैसा वाईट नसतो. मात्र त्याचा पुढचा हप्ता कोणत्या प्रश्नासाठी यावा हे येथल्या लोकप्रतिनिधीच्या हातात नसते.

तुलनेसाठी सिकलसेलचे उदाहरण जवळचे आहे. रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या करणारा हा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात पुष्कळ आढळतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो नावाने आहे, २०२३ पासून त्याच्यासाठी राष्ट्रीय अभियान आहे, आणि त्याचे स्वागतच करायला हवे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे मज्जासंस्थेचे आजार नावाने आहेत, पक्षाघात नाही. लकव्याच्या रुग्णाला प्रमाणपत्र मिळते, पण ते हालचालीच्या दिव्यांगत्वाखाली, किंवा मेंदूच्या इजेमुळे वाचा गेली असेल तर वाचा व भाषा दिव्यांगत्वाखाली. म्हणजे परिणामाला नाव आहे आणि कारणाला नाही. गमतीची म्हणावी अशी गोष्ट ही की सिकलसेल असलेल्या लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो, आणि तेव्हा त्या मुलाचा आजार सिकलसेलच्या वहीत जातो.

नावाचे हे निसटणे वरच्या पातळीवरही घडले आहे. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या लांबलचक नावात कर्करोग, मधुमेह, हृदयवाहिन्यांचे विकार आणि शेवटी स्ट्रोक असे चार शब्द होते. २०२३ मध्ये त्याचे नाव असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम असे झाले. फुप्फुसाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे आजार त्यात आल्यामुळे सर्वांची नावे लिहिणे शक्य नव्हते, आणि पक्षाघात कार्यक्रमातून काढला गेला असेही नाही. तरी कार्यालयांत कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ठाऊक असते की शीर्षकातून गेलेला शब्द हळूहळू तक्त्यातून जातो. याच्या अगदी उलट, जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, पक्षाघाताला रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून काढून मज्जासंस्थेच्या प्रकरणात बसवले. तोवर तो हृदयाच्या घरात पोरका राहिला होता आणि मेंदूच्या घरात पाहुणा. हृदयासाठी मागितलेल्या निधीत तो तळटिपेसारखा येई, मेंदूसाठी मागितलेल्या निधीत त्याच्यापुढे अपस्मार आणि स्मृतिभ्रंश उभे राहत.

हे केवळ भारतात घडते असे नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली कर्करोग, हृदयधमनीविकार, स्मृतिभ्रंश आणि पक्षाघात या चारांच्या संशोधनावर सरकारने व धर्मादाय संस्थांनी मिळून जो खर्च केला, त्यात कर्करोगाचा वाटा ६४ टक्के होता आणि पक्षाघाताचा ७. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्था पुष्कळ आहेत, रुग्णांच्या संघटना जुन्या आहेत, तरीही असे. याचे एक कारण असे असावे की निधी मागायला माणूस उभा राहावा लागतो. कर्करोगातून वाचलेला माणूस सभेत बोलतो, क्षयातून बरा झालेला गावात फिरतो. लकव्यातून वाचलेल्या पुष्कळांची वाचाच गेलेली असते किंवा अडखळते, आणि जो त्यांची शुश्रूषा करतो त्याला घराबाहेर पडता येत नाही. शिवाय लकवा हा वयाचा भोग आहे अशी समजूत आहे, जरी ढिवराच्या पडवीतला तो माणूस पन्नाशीचाच होता.

दरम्यान कार्यकर्त्यांनी आपल्यापुरती एक सोय करून घेतली आहे. वहीच्या उजव्या कडेला शेऱ्यासाठी जी अरुंद जागा असते तिच्यात ते निळ्या पेनने ‘लकवा’ असे लिहितात, त्याखाली उजवा की डावा, आणि घडले तो दिवस. दिवसाच्या जागी बहुधा तारीख नसते. ‘रोवणीच्या चौथ्या रोजी’, ‘मंडईच्या रात्री’, ‘कालव्याला पाणी सुटले त्या सकाळी, न्याहारी झाल्यावर’ असे लिहिलेले असते, आणि महिन्याच्या शेवटी अहवाल वर पाठवताना तो रकाना उतरवून घेतला जात नाही.